ग्रीनलंडच्या बाजूची खिडकी

“सर, पंखाच्या पुढं घेऊ का मागं?” इक्बालनं विचारलं.

फलटणच्या बसस्थानकासमोर त्याचं सायबर कॅफे होतं. माझा जुना विद्यार्थी. संगणकाच्या पडद्यावर एक विमान छप्पर काढून ठेवल्यासारखं उघडं पडलं होतं आणि त्याच्या पोटात खुर्च्यांच्या बारीक चौकटी रांगेनं मांडल्या होत्या. इक्बालच्या एका बाजूला मी बसलो होतो, दुसऱ्या बाजूला माझी नात जुई. तिच्या मांडीवर पृथ्वीगोल होता. निवृत्त होताना शाळेनं मला दिलेला. भर दुपारी तो पिशवीत घालून ती घरापासून चालत आली होती, कारण विमानातली खिडकी ठरवायची ती पृथ्वीगोल समोर ठेवूनच, असं आमचं दोघांचं ठरलं होतं.

“पुढं जागा आहे का?” मी विचारलं.

“पुढचं सगळं साहेबलोकांचं, सर. आपल्या दर्जातल्या दोनच रांगा पंखाच्या पुढं आहेत, त्या भरल्यात.”

“मग मागं. पण पंखाला चिकटून नको. इंजिनातून गरम हवा निघते, तिच्यातून बघितलं की खालचं सगळं थरथरतं. उन्हात डांबरी रस्ता दिसतो ना, तसं. चांगलं मागं जा. चाळीसच्या पुढं.”

“उजवीकडं का डावीकडं?”

मी जुईकडे बघितलं. हे उत्तर तिनं द्यायचं होतं.

“इक्बालकाका, इथं बोट ठेवा,” ती म्हणाली. “हे फ्रँकफर्ट. इथं आपण विमान बदलणार. आता दाबून धरा, हलू नका.” तिनं त्याच्या बोटाखाली दोऱ्याचं एक टोक दिलं आणि दुसरं टोक ताणून कॅनडातल्या कॅलगरीवर टेकवलं. दोरा वर सरकत आइसलंडजवळून गेला आणि ग्रीनलंडच्या पांढऱ्या पाठीवरून पलीकडे उतरला.

“आँ? नकाशात तर सरळ डावीकडं जायचंय,” इक्बाल म्हणाला. “मधे नुसता समुद्र.”

“नकाशा म्हणजे संत्र्याची साल सपाट करून चिकटवलेली. विमान सालीवरून जात नाही, संत्र्यावरून जातं.” माझं वर्गातलं वाक्य, माझ्याच सुरात. “आणि आपण दुपारी निघून पश्चिमेकडं जाणार. सूर्य सगळा वेळ डावीकडं. डावीकडच्यांच्या डोळ्यांवर ऊन. आपण उजवीकडं, सावलीतून बर्फ बघणार.”

इक्बालनं दोन चौकटींवर टिचकी मारली. “एक्केचाळीस के खिडकी, एक्केचाळीस एच तिच्याशेजारी. सर, एक विचारू का? मला तुम्ही तीन वर्षं खिडकीजवळ बसू दिलं नाहीत. बाहेर बघतो म्हणून दाराशी बसवलंत.”

“बाहेर काय बघायचास?”

“भेळेची गाडी.”

“ग्रीनलंड बघितलं असतंस तर बसू दिलं असतं.”

जुई खळखळून हसली. त्यानंतर बरेच दिवस मी तिचं तसं हसणं ऐकलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलंय.

“आता परतीची बघ,” मी म्हणालो. “परतीला डावीकडची. त्या दिवसांत तिकडं उत्तरेला सूर्य रात्रीसुद्धा बुडत नाही. अख्खी रात्र क्षितिजावरून चालत जातो. ते हिला दाखवायचंय.”

इक्बालनं काहीतरी टाइप केलं. पुन्हा केलं. माझ्या आणि जुईच्या तिकिटांचे नंबर वेगवेगळे होते, ते त्यानं दोनदा ताडून पाहिले.

“सर, तुमचं परतीचं पान येतंय. जुईचं येत नाही. तिच्या तिकिटाला परतीचा प्रवासच नाही.”

“असं कसं?”

“बाबा नंतर काढणार असतील,” जुई म्हणाली. इक्बालनं तोंड उघडायच्या आतच ती बोलली होती. मान खाली घालून दोरा बोटाभोवती गुंडाळत होती, एकेक वेढा शेजारी शेजारी, मधे फट राहू न देता.

ह्या गोष्टीला आता चौदा वर्षं होऊन गेली. जुईचा जन्म कॅलगरीतला. ती पाच वर्षांची असताना माझा मुलगा रणजित तेलविहिरींच्या कामावर तीन-तीन आठवडे घराबाहेर असायचा आणि सूनबाई शुभांगी तिकडची औषधशास्त्राची परीक्षा देत होती. “एक वर्ष सांभाळा, आप्पा,” म्हणून त्यांनी जुईला फलटणला आणून सोडलं. एका वर्षाची सहा झाली. शुभांगी पास झाली, नोकरीला लागली, निहारचा जन्म झाला, तो दोन वर्षांचा झाला. जुई आमच्याकडेच राहिली. त्याबद्दल कोणी बोललं नाही. मी तर मुळीच नाही. संध्याकाळी ओसरीवर बसून तिच्याबरोबर नकाशात नद्या शोधत, वाऱ्यांच्या दिशा काढत माझे निवृत्तीचे दिवस इतके बरे चालले होते की विषय काढायचं मला काही कारण नव्हतं. त्या मे महिन्यात रणजितनं तीस दिवसांसाठी आम्हा दोघांना बोलावलं. शाळा उघडायच्या आत परत. माझी पत्नी प्रमिला गुडघ्यांमुळे येणार नव्हती.

त्या संध्याकाळी मी रणजितला फोन लावला.

“जुईच्या परतीच्या तिकिटाचं काय?”

“ते बघू ना नंतर, आप्पा. तुम्ही या तर आधी.”

“नंतर म्हणजे कधी? पंधरा जूनला तिची शाळा सुरू होते.”

 मग मागून शुभांगी म्हणाली, “त्यांना आत्ताच नको...” आणि कोणीतरी फोनवर हात ठेवल्यासारखं झालं. मग रणजित म्हणाला, “इथं आल्यावर निवांत बोलू.”

एकतीस वर्षं मी मास्तरकी केली. परीक्षेत कॉपी करणारा मुलगा मला पाठमोरासुद्धा ओळखू येई. पण मी त्याला लगेच हटकत नसे. हटकलं की तो चिठ्ठी गिळतो आणि उलट आपल्यालाच खोटं पाडतो. मी वर्गात फिरत राहायचो, त्याच्याकडे पाठ करायचो आणि चिठ्ठी पूर्ण बाहेर येऊ द्यायचो. ह्याही वेळी मी तेच करायचं ठरवलं. कोणाला काही विचारलं नाही. नुसता बघत राहिलो.

आणि बघायला लागल्यावर दिसायला लागलं.

प्रमिलानं जुईला चार फ्रॉक शिवले. हात लावून बघितले तर प्रत्येकाच्या घेराला आत चार-चार बोटं कापड दुमडून टाके घातलेले. वाढत्या अंगाचे कपडे. एका महिन्यात पोरगी किती वाढणार होती?

“एवढी दुमड कशाला?” मी विचारलं.

“तुम्ही तुमची खिडकी बघा,” ती म्हणाली आणि मशीन जोरात चालवायला लागली.

मग आमच्या शाळेतला क्लार्क कोळेकर. ह्या माणसाबरोबर मी एकवीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. रस्त्यात भेटला की दहा मिनिटं बोलल्याशिवाय तो कधी हलला नाही. त्या आठवड्यात भाजी मंडईत त्यानं मला लांबून पाहिलं आणि समोरच्या चपलांच्या दुकानात शिरला. मी बाहेर थांबलो. बराच वेळ थांबलो. तो मागच्या दारानं गेला असावा.

निघायच्या दोन दिवस आधी जुई आणि प्रमिला देवळात गेल्या असताना मी जुईची बॅग उघडली. नातीची बॅग चोरून उघडणारा आजोबा म्हणून मला माझी लाज वाटली, पण उघडली. दोन स्वेटरांच्या मधे प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद होता. शाळा सोडल्याचा दाखला. कु. जुई रणजित तावरे, इयत्ता सहावी उत्तीर्ण. शाळा सोडण्याचे कारण: पालकांचे स्थलांतर. खाली कोळेकरचं वळणदार अक्षर.

मी तो होता तसा ठेवला.

म्हणजे रणजित, शुभांगी, कोळेकर आणि माझ्या घरात माझ्यासमोर बसून जेवणारी प्रमिला, सगळे एक झाले होते. पोरीला महिनाभर फिरायला नेतो म्हणून न्यायचं आणि तिकडं ठेवून घ्यायचं. आणि तिला तिथवर पोचवायचं काम माझ्याकडून करून घ्यायचं, कारण माझ्याबरोबर ती हसत येईल. ह्यात फसवले जाणारे दोघंच होते, मी आणि जुई. मी मनाशी पक्कं केलं. पोरीला प्रवासात काही कळू द्यायचं नाही, तिचा बर्फ तिला बघू द्यायचा. कॅलगरीला उतरलो की रणजितला तिथंच सांगायचं, हिचं परतीचं तिकीट आजच्या आज काढ, नाहीतर मी हिला घेऊन मिळेल त्या विमानानं माघारी चाललो. तो नाही म्हणाला असता, तर मी गेलोही असतो. माझ्याजवळ तेवढे पैसे होते आणि मी काय बोलतो ते जुई ऐकत आली होती.

मुंबईहून फ्रँकफर्टचा प्रवास झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास आम्ही एक्केचाळिसाव्या रांगेत आलो. इक्बालनं जागा चांगली धरली होती. पंख बराच पुढं राहिला होता आणि खिडकी बरोब्बर खुर्चीच्या खांद्याशी येत होती.

आमचा करार होता, एक तास खिडकी तिची, एक तास माझी. पहिला तास तिचा.

“तुम्ही बसा, आजोबा,” जुई म्हणाली.

“अगं, पहिला तास तुझा ठरलाय.”

“राहू दे. तुम्ही बसा. मला इथनं दिसतं.”

मी खिडकीशी बसलो. इंग्लंड ढगाखाली गेलं. तास झाला, मी उठायला लागलो, तर तिनं माझा दंड धरून मला खाली बसवलं. “आणखी एक तास बसा.”

अकरा वर्षांची पोर. चार महिने तिनं त्या खिडकीचा ध्यास घेतला होता. एसटीत खिडकीसाठी माझ्या पायावरून उडी मारून जाणारी. ती आपण होऊन खिडकी सोडते, एकदा नाही, दोनदा. जेवण आलं तर तिनं स्वतःच्या ताटातली खीर उचलून माझ्या ताटात ठेवली. माझ्या चष्म्याची काच फ्रॉकला पुसून दिली. वर्गात असं गुणी वागणारं मूल दिसलं की मी आधी फळ्याकडे बघायचो, मग खडूच्या पेटीकडे, काय फुटलंय ते शोधत.

संशयाला एकदा वाट मिळाली की तो थांबत नाही. मी तोंडी परीक्षा सुरू केली.

“जुई, सातवीला तुम्हाला भूगोल कोण शिकवणार?”

“काळेबाई असतील.”

“असतील?”

“आहेत.”

“मग सातवीची पुस्तकं मी फोन करून बाजूला ठेवायला सांगू का?”

“नको.”

“का नको?”

“आल्यावर बघू ना.”

रणजितचेच शब्द.  म्हणजे हिलाही पढवलंय. काय सांगितलं असेल? आजोबांना बोलू नकोस, तुला तिकडं सायकल घेऊ, स्वतःची खोली देऊ? एवढ्या लहान मुलीला खोटं बोलायला शिकवणाऱ्या माझ्या मुलाचा मला असा राग आला की तोंड कडू झालं. मी खिडकीकडे पाठ करून तिच्याकडे तोंड करून बसलो. ती पुस्तकात बघत होती. पान उलटत नव्हती.

“आजोबा, बाहेर बघा ना.”

“बघतो.”

“नाही बघत. आइसलंड गेलं.”

खरंच गेलं होतं. मी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात हवाई सुंदरी आली आणि तिनं खिडकीचा पडदा खाली ओढायची खूण केली. बाहेर लख्ख दुपार होती, पण लोकांना झोपायचं होतं. एकामागोमाग सगळ्या खिडक्या बंद झाल्या आणि विमानात अंधार झाला. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला समजावून पाहिलं, बाई, आम्ही ह्या खिडकीसाठी महिनाभर आधी जागा धरलीय. ती गोड हसली आणि म्हणाली, लोक झोपलेत. समोरच्या छोट्या पडद्यावरच्या नकाशात आमचं विमान ग्रीनलंडच्या काठाला येऊन टेकलं होतं.

जुई उठली. दोघांची पांघरुणं घेतली, एक माझ्या डोक्यावरून घेतलं, एक स्वतःच्या, आणि दोन्हींची टोकं खिडकीच्या वर दाबून धरली. माझ्या मांडीवर अर्धी चढून तिनं आत डोकं घातलं. आता आम्ही दोघं आणि ती खिडकी एका छोट्या तंबूत होतो. तिनं पडदा चार बोटं वर केला.

उजेड एकदम आत आला. खाली समुद्र काळा होता आणि त्यावर बर्फाचे तुकडे पसरले होते, फरशीवर काच फुटावी तसे. त्यांच्या पलीकडून डोंगर सुरू होत होते. काळे, धारदार, आणि प्रत्येक दोन डोंगरांच्या मधून एक पांढरी रुंद जीभ समुद्रात उतरलेली.

 तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. आणि मला वाटलं, आत्ता. चिठ्ठी पूर्ण बाहेर आली आहे.

“जुई, तुझ्या बॅगेत दाखला आहे.”

तिचा श्वास थांबला.

“तुम्हाला माहीत आहे?”

“हो.”

“कधीपासून?”

“निघायच्या आधीपासून.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललीस? बाबांनी सांगितलं होतं ना, आजोबांना सांगू नकोस म्हणून? खरं सांग. मी तुला रागावणार नाही. तुझ्या बाबांशी मी बोलणार आहे.”

“बाबांनी नाही सांगितलं.”

“मग आजीनं.”

“आजीनं नाही. मी सांगितलं आजीला. आजी दोन दिवस नीट जेवली नाही. मग म्हणाली, बरं. मग कोळेकरकाकांकडं गेली.” ती खिडकीतून नजर काढत नव्हती. “बाबांना पण मीच सांगितलं. फोनवर. तुम्ही बँकेत गेला होतात तेव्हा.”

“काय सांगितलंस?”

“मला तिथं राहायचंय.”

विमानाचा एकसुरी आवाज चालू होता. मागच्या रांगेत कोणीतरी घोरत होतं. मला पहिल्यांदा वाटलं की हेही पढवलेलंच आहे. एकतीस वर्षांची सवय. मी आणखी एक प्रश्न टाकला, मुलं जिथं हमखास अडकतात तो.

“का?”

ती अडकली नाही.

“दिवाळीत आपण संगणकावर बोलत होतो ना, तेव्हा निहार उठला आणि मॉनिटरच्या मागं गेला. आठवतं? मागं जाऊन बघत होता. आई म्हणाली, ताईला शोधतोय. त्याला वाटतं मी त्या डब्यात राहते. सगळे हसले. बाबा हसले. तुम्हीपण हसलात.”

“हो,” मी म्हणालो.

“मला नाही हसू आलं.”

मला तो प्रसंग आठवत होता. मी तो गावभर सांगितला होता. आमचा नातू बघा कसा हुशार, मॉनिटरच्या मागं जाऊन बघतो. ज्याला त्याला सांगितला होता. सांगताना जुई शेजारी उभी असायची.

“मग मला का नाही सांगितलंस? आजीला सांगितलंस, बाबांना सांगितलंस. मलाच नाही.”

“सांगणार होते. ग्रीनलंड झाल्यावर.”

“ग्रीनलंडचा काय संबंध?”

“आधी कळलं असतं तर तुम्ही बाहेर बघितलंच नसतं.” तिचा आवाज आता बारीक झाला होता. “नुसते माझ्याकडंच बघत बसला असतात.”

मी चार तास तेच केलं होतं.

पांघरुणाच्या आत गरम व्हायला लागलं. डोंगर मागं पडले. आता खाली नुसता बर्फ होता, सपाट, आणि सावली नसल्यामुळे तो किती खाली आहे तेच कळत नव्हतं. जुईनं हळूच विचारलं, “तुम्ही रागावलात?”

  मी तिच्या डोक्यावरून हात पुढं करून काचेवर बोट ठेवलं.

“ते बघ. ती काळी टोकं दिसतात?”

“कुठं?”

“माझ्या बोटाच्या सरळ रेषेत. तीन आहेत. एक मोठं, दोन लहान.”

“हां. दगड आहेत का?”

“डोंगर आहेत. आख्खे डोंगर. बर्फात बुडालेत, नुसते शेंडे वर राहिलेत. ह्या बर्फाची जाडी आत आत गेलीस तर दोन-तीन किलोमीटर भरते.”

“म्हणजे आपल्या अजिंक्यताऱ्याएवढी?”

“अजिंक्यतारा एकावर एक कितीतरी ठेवावे लागतील.”

“आणि त्याच्या खाली काय आहे?”

“जमीन. मधोमध खोलगट झालेली. एवढा भार कितीतरी वर्षं सोसला ना तिनं.”

“बर्फ काढला तर ती वर येईल?”

“येईल. पण हळूहळू. एकदम नाही.”

ती बघत राहिली. माझा हात काचेवरच राहिला होता, तो थंड पडला तरी मी काढला नाही. पलीकडचा किनारा येईपर्यंत ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिलो. हिमनदी पुढं कशी सरकते, तिच्यावर भेगा का पडतात, तुटलेला हिमनग किती पाण्याखाली असतो. आवाज माझा मलाच ओळखीचा वाटत नव्हता. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. हवाई सुंदरी एकदा आली, आमचा तंबू बघितला, आणि काही न बोलता दोन पेले पाणी ठेवून गेली.

पण रणजितला काय बोलायचं ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. तुम्हाला खरं सांगतो, अजिबात गेलं नव्हतं. कॅनडाच्या उत्तरेची हजारो तळी खालून जात होती आणि मी मनात वाद घालत होतो. अकरा वर्षांच्या मुलीला काय कळतं? दोन महिने राहील, भाषेला अडखळेल, थंडी पडली की रडेल. मोठ्यांनीच ठरवायचं असतं. मी तिला म्हणालो, “आधी तीस दिवस बघू, मग ठरवू,” तर ती नाही म्हणणार नाही. तीस दिवसांत मन वळवता येतं. मला मुलांची मनं वळवता येतात. मी आयुष्यभर तेच केलं.

कॅलगरीला आम्ही उतरलो आणि पासपोर्टच्या रांगेत उभे राहिलो. जुईच्या हातात माझी पिशवी होती, आणि मी मागितली तरी ती देत नव्हती.

काचेमागचा अधिकारी चाळिशीचा होता, लालसर मिशीचा. त्यानं माझा निळा पासपोर्ट बघितला, तिचा कॅनडाचा पासपोर्ट बघितला, मग आम्हा दोघांकडे नीट बघितलं. त्याची नजर मला लगेच ओळखू आली. वर्गात फिरताना माझी तशीच असायची.

“मुलीचे आईवडील कुठं आहेत?”

“बाहेर. घ्यायला आलेत.”

“ती तुमच्याबरोबर का आहे?”

“माझी नात आहे. सहा वर्षं माझ्याकडे होती.” मी रणजितनं पाठवलेलं संमतिपत्र पुढं केलं. तो ते सावकाश वाचत राहिला. मग मला हातानं थांबवून त्यानं जुईला विचारलं, “हे कोण आहेत?”

“आजोबा,” ती म्हणाली. मग इंग्रजीत म्हणाली, “माझ्या बाबांचे बाबा. ते भूगोल शिकवतात.”

तो हसला नाही. पुन्हा माझ्याकडे वळला. “किती दिवसांसाठी?”

“तीस दिवस.”

“दोघंही?”

मी जुईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पिशवीचा बंद दोन्ही हातांनी घट्ट धरून काउंटरच्या कडेकडे बघत होती. मी “हो” म्हणालो असतो तर ती गप्प राहिली असती. परक्या माणसासमोर तिनं मला कधी खोटं पाडलं नव्हतं आणि त्या दिवशीही पाडलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. मागं रांग होती. अधिकाऱ्यानं पेन उचललं आणि वाट बघत थांबला.

“मी एकटा,” मी म्हणालो. “ही घरी आलीय.”

त्यानं मान हलवली. माझ्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि तो माझ्याकडे सरकवला. तिच्या पासपोर्टवर काहीच मारलं नाही. नुसता मिटला आणि मी हात पुढं केला होता तरी तिच्या बाजूला धरला. जुईनं आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिनं तो घेतला.